बाइंडरमध्ये पाणी कुठे मुरलं: सीव्हीई-२०१९-२२१५ या कर्नल दोषाचा प्रकरण अभ्यास

फक्त पाच सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेल्या पाच विनंत्या. अँड्रॉइडच्या बाइंडर या ड्रायव्हरची डिव्हाइस फाइल उघडायची, एपोलचा (अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीचा) एक नग तयार करायचा, ती फाइल त्यात नोंदवायची, ड्रायव्हरला ‘हा थ्रेड संपला’ असं कळवायचं आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडायचं. ना रूट परवानगी लागते, ना वेळेची शर्यत जिंकावी लागते. एवढं केलं की कर्नल सोडून दिलेल्या मेमरीत लिहितो, आणि प्रत्येक वेळी लिहितो.

हा दोष सिझकॉलर या फझरला (आडवेतिडवे इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो दुरुस्तही झाला. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये पिक्सेल २ सारख्या, नियमित अपडेट मिळणाऱ्या फोनवर तो जसाच्या तसा होता आणि त्याचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची माहिती मिळत होती. म्हणजे इथे दोन प्रश्न आहेत: मेमरीचा हिशेब कुठे चुकला, आणि दुरुस्ती दीड वर्षाहून अधिक काळ कुठे अडकून पडली. पहिला प्रश्न जास्त रंजक आहे, दुसऱ्याने नुकसान जास्त केलं.

एक रांग, दोन मालक

अँड्रॉइडमध्ये एक प्रोसेस दुसरीशी बोलते ती बाइंडरमार्फत. कॅमेरा उघडायचा असो की नोटिफिकेशन दाखवायचं असो, निरोप याच ड्रायव्हरमधून जातो. त्यामुळे बाइंडर कोणालाही नाकारता येत नाही. क्रोमचा वेबपान दाखवणारा रेंडरर अगदी तुटपुंज्या परवानग्यांवर चालतो, पण बाइंडर त्यालाही उघडा असतो. हल्लेखोराच्या दृष्टीने हीच मोक्याची जागा, कारण सँडबॉक्सच्या भिंतीला ठेवलेलं हे अधिकृत दार आहे.

ड्रायव्हरच्या आत प्रत्येक प्रोसेससाठी एक नोंद आणि त्या प्रोसेसमधल्या प्रत्येक थ्रेडसाठी बाइंडर-थ्रेड नावाचं एक स्ट्रक्चर असतं. थ्रेडने ड्रायव्हरला पहिल्यांदा स्पर्श केला की ते तयार होतं. पिक्सेल २ च्या कर्नलमध्ये त्याचा आकार ४०८ बाइट. त्यातच १६० व्या बाइटपासून वेट क्यूचं डोकं बसवलेलं आहे: आधी एक स्पिनलॉक (रांगेला एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप), मग पुढचा आणि मागचा असे दोन पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते. निरोपाची वाट बघणारे या रांगेत उभे राहतात.

आता एपोलची बाजू. एखादी फाइल एपोलमध्ये नोंदवली की एपोल त्या फाइलच्या ड्रायव्हरचं पोल फंक्शन बोलावतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘माझी रांग ही, इथे उभा राहा.’ एपोल त्या रांगेत आपली एक नोंद घालतो आणि रांगेच्या डोक्याचा पत्ता जपून ठेवतो. नंतर नोंद काढायची वेळ आली की याच पत्त्यावर जाऊन आधी स्पिनलॉक घेतो आणि मग आपली कडी साखळीतून सोडवतो.

घोडं पेंड खातं ते इथे. फाइल जिवंत असेतो तिची वेट क्यूही जिवंत असणार, असं एपोल धरून चालतो. बहुतेक ड्रायव्हरांत ते खरंही असतं, कारण रांग फाइलच्याच स्ट्रक्चरमध्ये असते आणि फाइल बंद होताना एपोलला आपोआप कळतं. बाइंडरने मात्र रांग थ्रेडच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवली, आणि थ्रेडचं आयुष्य फाइलपेक्षा कमी. त्यातून ‘बाइंडर-थ्रेड-एक्झिट’ नावाची एक आयओसीटीएल आज्ञा आहे. लायब्ररीने थ्रेड मोडताना ती द्यावी, अशी अपेक्षा. पण ती देणारा थ्रेड खरोखर संपतो आहे की नाही, हे ड्रायव्हर तपासत नाही. आज्ञा मिळाली की स्ट्रक्चर केफ्री, म्हणजे त्याची मेमरी मोकळी. फाइल उघडीच आहे, त्यामुळे एपोलला कोणी काही कळवत नाही. त्याच्या खिशात जुन्या खोलीची किल्ली तशीच राहते, आणि खोलीत दुसरं बिऱ्हाड आलेलं असतं.

कोणतंही एक फंक्शन वेगळं काढून वाचलं तर त्यात चूक दिसत नाही. बाइंडरचा केफ्री योग्य जागी आहे. एपोलचं नोंद काढणंही बरोबर आहे. चूक आहे ती या दोघांमधल्या, कुठेही न लिहिलेल्या करारात. ‘हा पॉइंटर अमुक गोष्टीपेक्षा जास्त जगणार नाही’ हे सी भाषेत लिहिण्याची सोयच नाही. फार तर कॉमेंट लिहिता येते, आणि इथे तीही नव्हती. कोड रिव्ह्यूमध्ये असे दोष निसटतात त्याचं कारण हे: बाइंडर तपासणारा एपोलची फाइल उघडून बसलेला नसतो.

सापडला कसा

सिझकॉलर सिस्टिम कॉलांची हजारो मिश्रणं करून बघतो आणि कोणत्या मिश्रणाने कर्नलमधला नवा कोड चालला हे पाहून त्यातलीच पुढे वाढवतो. पण नुसतं चालवून भागत नाही. सोडलेल्या मेमरीत लिहिलं म्हणून कर्नल लगेच कोसळेलच असं नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि मग दहा मिनिटांनी भलतीकडेच काहीतरी बिघडतं. म्हणून कर्नल कासान हा मेमरी-तपासनीस चालू ठेवून बांधावा लागतो. कासान दर ८ बाइट मेमरीमागे १ बाइट ‘सावली’ ठेवतो. त्या सावलीत तो भाग वापरण्याजोगा आहे, कडेचा आहे की सोडलेला आहे याची खूण असते, आणि कंपायलर मेमरीला हात लावण्याआधी ती खूण तपासणारा कोड पेरतो. शिवाय सोडलेला तुकडा लगेच पुन्हा वाटायला काढत नाही; काही काळ बाजूला ठेवतो, म्हणजे उशिरा होणारा वापरही पकडला जातो. किंमत: एक अष्टमांश मेमरी आणि बराच वेग. म्हणून फोनमध्ये हे चालू करून विकत नाहीत.

कासानच्या अहवालात तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याच्या याद्या) असतात आणि ते तिन्ही वाचायची सवय लावून घ्यावी. इथे वापर झाला तो स्पिनलॉक घेताना. त्याच्या वर वेट क्यूमधून नोंद काढणारं फंक्शन, त्याच्या वर एपोलचं आवराआवरीचं फंक्शन. मेमरी घेतली गेली बाइंडरच्या ‘थ्रेड मिळव’ फंक्शनात आणि सोडली गेली बाइंडरच्या ‘थ्रेड मोकळा कर’ फंक्शनात. घेणारा आणि सोडणारा एकाच फाइलमधले, वापरणारा मात्र दुसऱ्याच उपप्रणालीतला. अहवालात अशी रचना दिसली की दोष केफ्रीच्या ओळीत शोधत बसू नये. पॉइंटर बाहेर कोणाच्या हाती दिला गेला, ते शोधावं.

एका कडीपासून अख्ख्या कर्नलपर्यंत

‘सोडलेल्या मेमरीत दोन पॉइंटर लिहिले जातात’ यातून फोनचा ताबा कसा मिळतो, हे जवळून बघण्यासारखं आहे. पुढचं वर्णन गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटातल्या जॅन हॉर्न आणि मॅडी स्टोन यांनी जाहीर केलेल्या हल्ल्याच्या नमुन्यावर बेतलेलं आहे. तो नमुना पिक्सेल २ साठी, ४.४ मालिकेतल्या कर्नलवर लिहिलेला होता.

पहिला प्रश्न: मोकळ्या झालेल्या जागेत बसवायचं काय? कर्नलचा स्लॅब अॅलोकेटर जवळपासच्या आकाराच्या वस्तू एकाच खणात ठेवतो. ४०८ बाइटचं स्ट्रक्चर ५१२ बाइटच्या खणात जातं. त्याच खणात जाणारं, आतला मजकूर आपल्याला ठरवता येईल असं आणि हवं तितका वेळ जिवंत राहणारं काहीतरी हवं. आयओव्हेकची यादी या तिन्ही अटी पुऱ्या करते. ‘मेमरीतल्या या या तुकड्यांतला मजकूर एकदम लिही’ असं कर्नलला सांगताना जी यादी दिली जाते ती ही. प्रत्येक नोंद १६ बाइटची: ८ बाइट पत्ता, ८ बाइट लांबी. नोंदी ८ पेक्षा जास्त असल्या की कर्नल त्यांची प्रत स्टॅकवर न ठेवता स्लॅबमधून मेमरी घेऊन तिथे ठेवतो. २५ नोंदींचे होतात ४०० बाइट, म्हणजे खण तोच, आणि नुकताच मोकळा झालेला तुकडाच बहुधा पहिल्यांदा हाती येतो. ती यादी जिवंत ठेवायची तर एक पाइप ४०९६ बाइटांवर मर्यादित करून त्यात लिहायला लागायचं. पाइप भरला की लिहिणारा सिस्टिम कॉल आतच अडून बसतो आणि यादीही तिथेच राहते.

आता एकावर एक ठेवून बघू. १६० व्या बाइटवर दहावी नोंद येते (मोजणी शून्यापासून). जिथे पूर्वी स्पिनलॉक होता तिथे आता दहाव्या नोंदीचा पत्ता आहे. रांगेचा ‘पुढचा’ पॉइंटर होता तिथे, म्हणजे १६८ वर, त्याच नोंदीची लांबी. आणि ‘मागचा’ पॉइंटर होता तिथे, १७६ वर, अकराव्या नोंदीचा पत्ता.

स्पिनलॉकची अडचण आधी सोडवावी लागते. एपोल नोंद काढायला येईल तेव्हा तिथले खालचे ३२ बिट तो कुलूप म्हणून वाचणार. ते शून्य नसतील तर ‘कुलूप दुसऱ्याकडे आहे’ असं समजून तो कायमचा फिरत बसेल आणि फोन गोठेल. म्हणून दहाव्या नोंदीचा पत्ता असा हवा की तो वैध तर आहे, पण त्याचा खालचा अर्धा भाग शून्य आहे. नमुन्यात त्यासाठी बरोबर ४ जीबीच्या सीमेवर एक पान मागून घेतलेलं आहे. वरच्या अर्ध्यात १, खालच्या अर्ध्यात शून्य. कर्नलला तो पत्ता वाटतो, स्पिनलॉकला उघडं कुलूप.

मग दुसरी प्रोसेस एपोलमधून नोंद काढते. रांगेत एकच कडी होती, त्यामुळे तिचे पुढचा आणि मागचा हे दोन्ही पॉइंटर डोक्याकडेच बोट दाखवत होते. ती सोडवताना कर्नल डोक्याच्या दोन्ही पॉइंटरांत डोक्याचाच पत्ता लिहितो. नेहमीच्या दिवशी याचा अर्थ ‘रांग रिकामी झाली’. आज मात्र त्याचा परिणाम असा की अकराव्या नोंदीचा पत्ता, जो आधी युजरच्या मेमरीतला होता, तो आता कर्नलच्या मेमरीतला झाला, याच तुकड्यातल्या १६८ व्या बाइटचा.

पाइपमधले पहिले ४०९६ बाइट वाचून फेकून दिले की अडलेला सिस्टिम कॉल पुढे सरकतो आणि अकरावी नोंद पाइपमध्ये ओतायला लागतो, यावेळी कर्नलच्या मेमरीतून. युजरने दिलेले पत्ते युजरच्याच हद्दीतले आहेत ना, हे कर्नलने यादी आत घेताना तपासलं होतं. एकदा तपासलं, पुन्हा नाही.

बाहेर पडलेल्या मजकुराच्या २३२ व्या बाइटवर काय आहे? १६८ अधिक २३२ म्हणजे ४००. बाइंडर-थ्रेडमधलं शेवटचं फील्ड बरोबर ४०० व्या बाइटवर असतं: त्या थ्रेडच्या टास्क-स्ट्रक्टचा (कर्नल थ्रेडची सगळी माहिती ठेवतो त्या स्ट्रक्चरचा) पॉइंटर. आयओव्हेकच्या २५ नोंदी ३९९ व्या बाइटवर संपतात, म्हणून शेवटचे ८ बाइट जुन्या बिऱ्हाडाचेच राहिले. नोंदी सव्वीस घेतल्या असत्या तर हा पॉइंटर पुसला गेला असता. हल्लेखोराच्या कामातली सफाई बघायची असेल तर ती या एका आकड्यात आहे.

टास्क-स्ट्रक्टचा पत्ता मिळाला की दुसरी फेरी. पुन्हा तीच युक्ती, पण आता सॉकेटमधून वाचत, म्हणजे मजकूर कर्नलकडून यादीतल्या पत्त्यांवर लिहिला जातो. पहिला १ बाइट दहाव्या नोंदीत. मग कडी सुटते आणि अकरावी नोंद यादीवरच बोट ठेवते. पुढचे ४० बाइट यादीच्याच अंगावर लिहिले जातात आणि बाराव्या नोंदीचा पत्ता बदलून टाकतात. राहिलेले ८ बाइट त्या नव्या पत्त्यावर जाऊन पडतात. तो पत्ता टास्क-स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून ८ बाइटांवरचा, आणि तिथे असतो अॅड्रेस लिमिट: युजरचा पत्ता कुठपर्यंत मानायचा, ती रेघ. ती जवळजवळ ६४ बिटांच्या कमाल किमतीवर नेऊन ठेवली की त्या प्रोसेससाठी कर्नल आणि युजर यांच्यात रेघच उरत नाही. साध्या पाइपमधून कर्नलची हवी ती मेमरी वाचता येते, लिहिता येते. तिथून पुढे आपल्या प्रोसेसची ओळख रूटची करणं आणि एसईलिनक्स या परवानगी-व्यवस्थेची सक्ती बंद करणं हे किरकोळ काम. ऑक्टोबर २०१९ मध्येच या नमुन्याला तेवढी शेपटी जोडून पिक्सेल २ पूर्ण रूट केल्याचं जाहीर झालं.

या सगळ्यात हल्लेखोराने स्वतःचा एकही मशीन कोड कर्नलमध्ये चालवलेला नाही. म्हणून ‘डेटा पानांवरून कोड चालवू द्यायचा नाही’ या जातीच्या संरक्षणाचा इथे काहीच उपयोग नव्हता.

कोणती कडी तुटली असती

अशी लांब साखळी एका जागी तुटली तरी पुरे असतं, आणि इथे तुटण्याच्या बऱ्याच जागा होत्या. सगळ्यात स्वस्त उपाय डीबग-लिस्ट हे कर्नलचं सेटिंग. कडी सोडवण्याआधी ते बघतं की मागच्या कडीचा ‘पुढचा’ पॉइंटर खरंच आपल्याकडे येतो का. इथे त्या जागी आयओव्हेकची लांबी असती, तुलना फसली असती आणि पॉइंटर लिहिलेच गेले नसते. नावात ‘डीबग’ आहे म्हणून अनेकांनी ते विक्रीच्या कर्नलमध्ये बंद ठेवलं. नावामुळे इतकं नुकसान झालेलं दुसरं सेटिंग चटकन आठवत नाही.

दुसरी जागा आयओव्हेकची. पत्ते एकदाच तपासायची सवय लिनक्स ४.१३ मध्ये मोडली. तेव्हापासून प्रत्यक्ष कॉपी करतानाही तपासणी होते. आयओव्हेक वापरण्याची ही युक्ती आधीपासून माहीत होती, पण फोन ४.४ वर होते. तिसरी, मेमरी देताना किंवा सोडताना ती शून्याने भरणं. हे सेटिंग ५.३ मध्ये आलं. ते असतं तर ४०० व्या बाइटवरचा पॉइंटर शिल्लकच राहिला नसता. चौथी, खुद्द अॅड्रेस लिमिट. ही बदलता येणारी रेघ हा कर्नलमधला फार जुना प्रकार होता. एक्स८६ वरून तो ५.१० मध्ये गेला, ६४ बिटी आर्मवरून ५.११ मध्ये, आणि ५.१८ पर्यंत सगळीकडूनच काढला गेला.

यांपैकी एकाही उपायाने मूळ दोष जात नाही, फक्त हल्ल्याचा खर्च वाढतो. पण मूळ दोष तर फेब्रुवारी २०१८ मध्येच गेला होता. मग?

दुरुस्ती अडली ती कुठे

बाइंडरमधली दुरुस्ती मार्टिन कूनेन यांची, कॉमेंट धरून दहा-बारा ओळींची. थ्रेडचं स्ट्रक्चर सोडण्याआधी बघायचं: या थ्रेडने कधी पोल केलं होतं का, आणि रांगेत कोणी उभं आहे का. असेल तर ‘पोल-फ्री’ हा इशारा देऊन सगळ्यांना उठवायचं. एपोलला हा इशारा मिळाला की तो आपली नोंद स्वतःच काढून घेतो. हा इशारा २०१२ पासून कर्नलमध्ये होता. सिग्नल-एफडी या कर्नलच्या दुसऱ्या सोयीच्या नेमक्या अशाच दुखण्यावर तेव्हा तो काढलेला उतारा. म्हणजे ‘रांग फाइलपेक्षा आधी मरू शकते’ ही गोष्ट कर्नलला सहा वर्षं ठाऊक होती, फक्त बाइंडर लिहिणाऱ्यांच्या वाटेत ती कोणी ठेवली नव्हती.

ही दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये गेली, ४.१४ च्या स्थिर शाखेत गेली आणि अँड्रॉइडच्या ३.१८, ४.४ आणि ४.९ या सामायिक शाखांतही गेली. पण तिला तेव्हा सीव्हीई क्रमांक (जाहीर सुरक्षादोषांना दिला जाणारा ओळख क्रमांक) मिळाला नाही, आणि म्हणून अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात तिचं नाव आलं नाही. फोन बनवणाऱ्यांची रीत अशी की पत्रकात जे असेल ते आपल्या कर्नलमध्ये आणायचं. चिपवाल्याची शाखा, त्यावर फोनवाल्याची शाखा, त्यावर त्या मॉडेलची शाखा: इतके फाटे फुटल्यावर सामायिक शाखेतले हजारो बदल जसेच्या तसे ओढायला कोणी धजावत नाही. क्रमांक नसलेली दुरुस्ती तिथेच राहते. वरचा नमुना ज्या पिक्सेल २ वर चालला त्याच्या कर्नलवर ४.४.१७७ हा आकडा होता. मूळ ४.४.१७७ मार्च २०१९ मधली, म्हणजे दुरुस्तीनंतर वर्षभराने आलेली. आवृत्तीचा आकडा बघून ‘आपण सुरक्षित’ म्हणणं किती फसवं आहे ते यावरून कळावं. फोनचा कर्नल तपासायचा असेल तर सोर्समध्ये बाइंडरचं थ्रेड सोडणारं फंक्शन उघडून पोल-फ्री आहे का ते बघावं, किंवा कासान चालू करून सुरुवातीचे पाच कॉल चालवावेत.

२०१९ च्या उन्हाळ्यानंतर गूगलच्या हल्ले शोधणाऱ्या गटाकडून प्रोजेक्ट झीरोकडे एका एक्सप्लॉइटबद्दल (दोष वापरून हल्ला करणाऱ्या कोडबद्दल) तुटक माहिती आली. एक्सप्लॉइट हाती नव्हता, फक्त त्याचं वर्णन: सोडलेल्या मेमरीचा वापर आहे, क्रोमच्या सँडबॉक्समधून पोहोचता येतं, पिक्सेल १ आणि २ वर चालतं, ३ आणि ३ए वर नाही, ४.१४ पासूनच्या लिनक्समध्ये सीव्हीईविना दुरुस्त झालेलं आहे. डीबग-लिस्ट असलं तर चालत नाही. आर्म प्रोसेसरच्या यूएओमुळे (अॅड्रेस लिमिटशी जोडलेल्या सोयीमुळे) अडचण येते. मॅडी स्टोन यांनी यावरूनच दोष हुडकला. सँडबॉक्समधून पोहोचता येतं म्हणजे बाइंडरवर संशय, डीबग-लिस्टने अडतं म्हणजे साखळीतली कडी सोडवण्याचा मामला, यूएओने अडतं म्हणजे अॅड्रेस लिमिट. मग बदलांचा इतिहास चाळायचा. वर सांगितलेल्या चार कड्यांशी ही चिन्हं ताडून बघितली तर कोडं जवळजवळ स्वतःच सुटतं.

अँड्रॉइडला २७ सप्टेंबर २०१९ ला कळवलं गेलं आणि दोष वापरात असल्याने सात दिवसांची मुदत दिली गेली. ३ ऑक्टोबरला माहिती जाहीर झाली. हा एक्सप्लॉइट एनएसओ ग्रुप या हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इस्रायली कंपनीकडून वापरला किंवा विकला जात असल्याची माहिती होती. एनएसओने ते नाकारलं. बाधित फोनांच्या यादीत पिक्सेल २ सोबत हुआवे पी२०, मोटो झेड३, ओप्पो ए३, सॅमसंग एस७ ते एस९, शाओमीचे ए१, रेडमी नोट ५ आणि रेडमी ५ए होते. शेवटची नावं आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नकोत. पाच हजारांच्या आतबाहेर मिळणारा रेडमी ५ए भारतात घरोघरी पोहोचला होता. दुरुस्ती ६ ऑक्टोबर २०१९ च्या पॅच पातळीत आली. कोणत्या मॉडेलला ती पातळी कधी मिळाली, हा ज्याच्या त्याच्या कंपनीचा प्रश्न. जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रोने प्ले स्टोअरवरच्या तीन अॅपांची माहिती दिली. त्यांतलं ‘कॅमेरो’ हे अॅप याच दोषाचा वापर करून फोन रूट करत होतं. त्यामागे साइडवाइंडर हा हेरगिरी करणारा गट असल्याचं त्यांचं निदान होतं.

क्रमांकाची ही अडचण पुढे वेगळ्या वाटेने सुटली. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा गट स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो, आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देतो. त्यामुळे वर्षाला हजारोंनी क्रमांक निघतात आणि ‘यातलं महत्त्वाचं कोणतं’ अशी ओरड होते. ओरड खोटी नाही, पण तिचं खरं उत्तर निवडक दुरुस्त्या उचलणं सोडून अख्खी स्थिर शाखा घेणं हेच आहे. अँड्रॉइड १२ पासून, ५.१० किंवा पुढच्या कर्नलवर येणाऱ्या नव्या फोनांना एकच सामायिक कर्नल आणि त्याला जोडलेले विक्रेत्यांचे मॉड्यूल अशी रचना सक्तीची झाली, ती त्याच दिशेने.

दुरुस्तीची दुरुस्ती

पोल-फ्रीने प्रकरण मिटलं नाही. लगेचच एक जोडदुरुस्ती करावी लागली: एपोल स्वतःहून नोंद काढत असतानाच बाइंडर स्ट्रक्चर सोडू लागला तर पुन्हा तीच गत, म्हणून इशारा दिल्यावर आरसीयूचा (आधीपासून वाचणारे बाहेर पडेतो मेमरी न सोडण्याच्या कर्नलच्या पद्धतीचा) एक काळ संपेपर्यंत थांबायचं ठरलं. मग डिसेंबर २०२१ मध्ये एरिक बिगर्स यांनी आणखी एक फट दाखवून बुजवली. रांगेत ‘फक्त एकालाच उठवा’ अशा खास प्रकारच्या नोंदी असू शकतात, आणि नेहमीचं उठवणारं फंक्शन अशांपैकी एकाला उठवून थांबतं. बाकीचे मेलेल्या रांगेत तसेच उभे. त्यासाठी सगळ्यांना न चुकता उठवणारं वेगळं फंक्शन लिहावं लागलं. त्याच मालिकेत एआयओलाही (कर्नलच्या असिंक्रोनस वाचन-लेखनाच्या सोयीलाही) शिकवावं लागलं, कारण पोल-फ्री हा इशारा त्याला समजतच नव्हता. एका न लिहिलेल्या कराराची ठिगळं चार वर्षं लावली जात होती.

२०२५ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ६.१८ मध्ये बाइंडर ड्रायव्हर रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेला आहे. पॉइंटर कोणापेक्षा जास्त जगणार नाही हे रस्टमध्ये टाइपमध्येच लिहावं लागतं, आणि न लिहिलं तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. पण कर्नलच्या उरलेल्या भागाशी बोलताना आणि दुहेरी साखळ्या हाताळताना रस्टलाही ‘अनसेफ’ म्हणून खूण केलेले तुकडे लागतातच. कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई मिळाला तो डिसेंबर २०२५ मध्ये, सीव्हीई-२०२५-६८२६०, आणि तो याच नव्या बाइंडरमध्ये. कुलूप घेऊन एक साखळी स्थानिक यादीत हलवली, कुलूप सोडलं, आणि मग ती यादी चालत असताना दुसरा थ्रेड ‘आपल्या’ साखळीतून त्यातलीच कडी काढू लागला. पुन्हा तेच पुढचा-मागचा पॉइंटर. परिणाम मात्र कर्नल कोसळण्याचा. दुरुस्ती म्हणून स्थानिक यादी काढून टाकली आणि कड्या मूळ साखळीतूनच, कुलूप घेऊन, एकेक करून काढायच्या ठरल्या. यावेळी शोध कुठे घ्यायचा हे आधीच ठाऊक होतं: ती ओळ अनसेफ तुकड्यात होती, आणि तिच्या डोक्यावर ‘हे का सुरक्षित आहे’ याचं स्पष्टीकरण लिहिलेलं होतं. चुकलं होतं ते स्पष्टीकरण.